दगडाचे कोड

दिनकरचे पत्र आले तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो आणि हातात लाल शाईचा टाक होता. दिनकर हा माझा मावसभाऊ. निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर. पत्रात कामाचे वाक्य एकच होते : 'आमच्या गावी दगडाचे कोड झाले आहे, नाताळच्या सुट्टीत ये आणि काय ते सांग.' उर्दूच्या संगतीत याचे मराठी पार बिघडले, असे पुटपुटत मी 'कोड'मधल्या 'ड'वर लाल मात्रा ओढली, त्याचे 'कोडे' केले आणि जायचे ठरवले. दगडाचे कोडे म्हटल्यावर मला घरी बसवत नाही. मी पुण्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करतो. आमच्या घरात भांड्यांपेक्षा दगड जास्त आहेत, हे माझ्या बायकोचे म्हणणे मोजून पाहायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

पेटीत मी हातोडी घेतली, भिंग घेतले, चुनखडी ओळखण्यासाठी लागणाऱ्या आम्लाची बाटली घेतली आणि ताडून पाहायला चार दगड घेतले. मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. निजामाची हद्द लागल्यावर करोडगिरीचे (जकातीचे) एक अंमलदार डब्यात चढले. दाढीला मेंदी, अंगात शेरवानी, बोलणे अत्यंत अदबीचे. त्यांनी माझी पेटी उघडायला लावली आणि चारी दगड एकेक करून बाकावर मांडले.

"पत्थर ले के जा रहे हो?"

"जी."

"हमारे यहाँ पत्थर नहीं हैं क्या, मियाँ?"

खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत काळा दगड पसरला होता. मी माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत भूगर्भशास्त्र समजावू लागलो. डब्यातल्या लोकांनी शिदोरीच्या पुरचुंड्या बाजूला ठेवल्या आणि सगळे कान देऊन ऐकू लागले. अंमलदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, दगड स्वतःच्या हाताने पेटीत नीट रचून दिले आणि जाताना शेजाऱ्याला म्हणाले, "पढ़े-लिखे आदमी हैं, ज़रा सँभाल के ले जाना." पुढे जालना मागे पडेपर्यंत त्या शेजाऱ्याने मला दारापाशी जाऊ दिले नाही.

जालन्यानंतर जमीन सपाट होत गेली. काळी कसदार माती, तिच्यात हुरड्यावर आलेली ज्वारी, मधूनच वेचणी चाललेली कापसाची शेते. परभणी आले नि गेले आणि पुढच्याच पिंगळी स्टेशनावर मी उतरलो. फलाटावर एक गाडीवान आल्यागेल्याला एकच प्रश्न विचारत उभा होता.

"पाथरीचे डागदर तुमीच का?"

पाथरी हे याच जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, एवढे मला नकाशावरून ठाऊक होते. "नाही बुवा," मी म्हणालो, "मी पुण्याचा. दिनकर मास्तरांकडे निघालोय."

"ऱ्हायला कुटं बी असा. बसा दमनीत," असे म्हणून त्याने पेटी उचलली आणि तिच्या वजनाने तिथेच बसला. "लय औशीद आणलंय जनू," तो म्हणाला. मला या बोलण्याचा अर्थ लागला नाही. दमणी (छपराची हलकी बैलगाडी) ताडकळसच्या वाटेला लागली आणि माझी हाडे एकमेकांची ओळख करून घेऊ लागली. ज्या गावी मी गेलो त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या मुतखड्याची हकीकत यायची आहे.

दिनकरच्या घरी ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि बोटभर तेल सुटलेला ठेचा खाऊन डोळ्यांतले पाणी पुसतोय तोवर बोलावणे आले. गावचे नागोराव पाटील देवळापाशी वाट पाहत होते. पाटील साठीचे, अंगाने भरलेले, मिशीने त्याहून भरलेले. ते तीर्थयात्रेला उत्तरेत गेले असताना मथुरेला त्यांनी लाल दगडाच्या पायऱ्या पाहिल्या आणि आपल्या महादेवाच्या देवळालाही लाल पायरी हवी असे मनात घेतले. हजारो वर्षे काळ्या दगडावर सुखाने राहिलेल्या या मुलखात त्यांनी मालगाडीने एक अखंड लाल शिळा आणवली. पिंगळीहून गावापर्यंत ती कशी आणली हे सांगताना अजूनही चार-पाच जण एकदम बोलतात.

शिळा देवळापुढे लाकडी ओंडक्यांवर पडलेली होती. चांगली पुरुषभर लांब, विटेच्या रंगाची, आणि तिच्या घडवलेल्या अंगावर पांढरट-हिरवट गोल डाग. काही सुपारीएवढे, काही रुपयाएवढे, एक तर भाकरीएवढा. मी आनंदाने गुडघ्यांवर बसलो. असे डाग मी फक्त पुस्तकात वाचले होते.

"कोडच हाय का नाय?" पाटलांनी विचारले.

"कोडं आहेच," मी उत्साहाने म्हणालो. "फार सुंदर कोडं आहे."

जमलेल्या माणसांत एकदम कुजबुज झाली आणि पुढे उभी असलेली दोन माणसे मागे सरकली. दिनकरने मला कोपराने ढोसले आणि कानात सांगितले की गावाच्या मते दगडाच्या अंगावर कोड फुटले आहे, पांढरे कोड, माणसाला फुटते तसे. म्हणजे पत्रात मात्रा राहिली नव्हती, ती मी आगाऊपणाने दिली होती. आल्या आल्या मी गावाचा संशय पुण्याच्या वजनाने पक्का करून टाकला होता.

मग दिनकरने मला एका माणसाकडे बोट करून दाखवले. तो गर्दीपासून दहा पावले दूर, लिंबाखाली बसून टाकीला धार लावत होता. तो हैबती, गावचा पाथरवट. त्याच्या दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटापर्यंत, पांढरे चट्टे होते. शिळा आली तेव्हा वरून लालभडक होती. हैबतीने वरचा थर टाकीने उतरवला तसे डाग दिसू लागले, आणि गावाने दोन आणि दोन चार केले : हैबतीच्या हातचे कोड दगडाला लागले. आता दगडाला लागते म्हटल्यावर माणसाची काय कथा. वीस वर्षे गावातली दळणाची सगळी जाती त्याच्याकडे टाकी लावायला (टाचून खडबडीत करायला) येत होती. त्याच्या हातांखालून गेलेल्या जात्यांवर दळलेले पीठ सगळ्यांनी खाल्ले होते. गेल्या पंधरवड्यात एकही जाते आले नव्हते. पाटील म्हणत होते, शिळा नदीत टाकू. ती नदीत गेली असती तर हैबतीला गाव सोडावे लागले असते, हे कोणी बोलत नव्हते आणि सगळ्यांना माहीत होते.

मी त्याच्याजवळ गेलो. त्याने माझ्या हातोडीकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

"ह्यानं काय करता?" त्याने विचारले.

"दगड फोडून पाहतो."

"ह्यानं? आक्रूड फुटंल," तो म्हणाला आणि आपली हातोडी पुढे केली. मग उठून शिळेपाशी आला, लाल भागावर एक हलका ठोका मारला, नंतर मोठ्या पांढऱ्या डागावर तसाच एक मारला आणि मान वाकडी करून ऐकले. "आवाज येकच हाय. नासका दगड बद्द वाजतो. हितं रंग गेलाय, दगड न्हाई गेला." भिंगाने तासभर पाहून मी जे सांगणार होतो ते त्याने दोन ठोक्यांत सांगितले, याचा मला जरा रागच आला.

कोड एकाचे दुसऱ्याला लागत नाही, हे पुण्यातल्या एका डॉक्टर स्नेह्याकडून मी ऐकले होते. तेव्हा ते मनात येऊनही गेले. पण मी दगडासाठी आलो होतो आणि दगडच पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरच्या ओट्यावर अकरा माणसे बसलेली होती. एक जण कमरेला हात लावून वाकलेला, एक म्हातारी पोटाला शेक देत असलेली. मला वाटले शाळेची सभा आहे. पहिल्या गृहस्थाने माझ्या पायावर डोके ठेवले आणि सांगितले की लघवीला बसले की जीव जातो. तेव्हा कुठे उलगडा झाला. पाटलांना भूगर्भशास्त्र कळेना म्हणून दिनकरने 'आमचे बंधू दगडांचे डॉक्टर आहेत असं समजा' म्हटले होते. दगडांचे डॉक्टर तोंडातोंडी पथरीचे डॉक्टर झाले. आणि पथरी म्हणजे मुतखडा. गाडीवानही पाथरी गावाचे नाव घेत नव्हता, रोगाचे घेत होता.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो.

"मोटी मानसं आसंच म्हनत्यात," म्हातारी इतरांना म्हणाली.

तेवढ्यात कोणीतरी माझी पेटी उघडून आम्लाची बाटली शोधून काढली होती आणि आपल्याला झाकणभर तरी द्या म्हणून हात पसरला होता. मी ती झडप घालून घेतली आणि पुढचे दोन दिवस बंडीच्या आतल्या खिशात बाळगली. त्या खिशाला आता भोक आहे. शेवटी सुटका व्हावी म्हणून, आमच्याकडे घरोघर सांगतात तेच सांगितले : हुलगे (कुळीथ) उकळून त्याचे पाणी प्या, आणि साधे पाणी हंडाभर प्या. लोक समाधानाने उठले. त्यांच्या घरीही तेच सांगत असणार, पण ते पुण्याहून आलेले नव्हते. सगळे गेल्यावर मागच्या दाराने पाटील आले, इकडे तिकडे पाहून बसले आणि म्हणाले, "आमचा येक सोयरा हाय. त्याला बी तीच तकलीप हाय." मी सोयऱ्यालाही हुलगे सांगितले. सोयऱ्याला कुठे दुखते हे दाखवताना पाटलांनी स्वतःची कंबर इतकी अचूक दाबली की मला हसू आवरायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावावा लागला.

दुपारी देवळापुढे माझे व्याख्यान झाले. ते मी शाळेत देतो त्यापेक्षा चांगले दिले. ही शिळा म्हणजे एके काळची वाळू. वाळूच्या कणाकणावर लोखंडाचा गंज बसला, त्याने ती लाल झाली. वाळूत कुठे कुठे कुजक्या पानाचा किंवा कसला तरी बारीक कण अडकला. दगडातल्या ओलाव्याच्या मदतीने त्या कणाने आपल्याभोवतीचा गंज चारी बाजूंनी सारखा काढून टाकला. म्हणून डाग गोल. हे सारे माणूस जन्माला यायच्या आधीचे. खात्रीसाठी मी शिळेचा एक तुकडा हैबतीकडून फोडून घेतला. आतल्या लाल दगडात तसाच पांढरा गोळा निघाला आणि त्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. जिथे टाकी कधी पोचलीच नव्हती तिथे हैबतीचे कोड कसे पोचणार, असा सवाल टाकून मी विजयी मुद्रेने बसलो.

मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे पाटलांनी मथुरेहून गंजका दगड आणला म्हना की."

पाटलांचा चेहरा शिळेच्या रंगाचा झाला. दुसऱ्याला काळजी पडली ती वेगळीच : "आत बी हाय म्हंजे लय खोल गेलंय. हाडी लागलंय." देवळाच्या गुरवाला तो काळा ठिपका म्हणजे डोळ्यातले बुबुळ वाटले आणि त्याने शंकराचा तिसरा डोळा प्रगटल्याचे जाहीर केले. पण मोजल्यावर डोळे एकूण एकोणीस भरले, तेव्हा तोही गप्प झाला. हैबती तुकडा हातात फिरवत लिंबाखाली परत गेला. माझ्या व्याख्यानाने त्याचे काहीच भले झाले नव्हते. शिळा परवा नदीत टाकायची असे ठरून सभा उठली, आणि मी इतका चिडलो की कोणीतरी आणून दिलेला हुरडा तसाच टाकून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आला नाही तोच पाटील पुढच्या दाराने आले. चेहऱ्यावर असे तेज की मला आधी वाटले घरी नातू झाला. त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि तळहातावर तुरीच्या दाण्याएवढा खडबडीत खडा माझ्यापुढे धरला.

"पडला," ते म्हणाले.

"सोयऱ्याचा?"

"आता कशाचा सोयरा घेऊन बसलात. माझाच हाय." त्यांनी खडा उजेडात फिरवून पाहिला. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता यात शंका नाही. "मला येक सांगा डागदर. ह्यो आला कुटून?"

"लघवीतले क्षार एखाद्या कणाभोवती साचत जातात. थरावर थर. मग खडा होतो."

"म्हंजे आमाला कुनी दिला न्हाई?"

"कोण देणार? आतल्या आत तयार झाला."

पाटील खड्याकडे पाहत राहिले. बराच वेळ मिशीचे टोक हलत होते. "आन् त्या पायरीतला डाग," ते सावकाश म्हणाले, "त्यो बी आतल्या आत? कनाभोवती?"

"काल दोन तास मी तेच सांगत होतो."

"काल तुमी गंज-बिंज काय बी बोलायला व्हता," पाटील म्हणाले. "आसं नीट सांगायचं की."

तासाभरात गावात दवंडी झाली : पायरी आजच बसणार. देवळापुढे चुन्याचा गिलावा तयार झाला, आठ गडी लागले, शिळा चार लाकडी पाचरींवर जागेवर आली. हैबती नुसता हुकूम सोडत होता आणि पाटीलसुद्धा हुकुमाप्रमाणे बाजूला सरकत होते. तीन पाचरी त्याने ठोकून काढल्या. चौथी उरली. ती काढली की शिळा चुन्यावर टेकायची. पण त्या आधी पाथरवटाला मानाचा नारळ आणि उपरणे द्यायची तिथे चाल आहे. पाटलांनी नारळ घेतला, उपरण्यावर ठेवला आणि दोन्ही हैबतीपुढे जमिनीवर ठेवून दोन पावले मागे झाले.

हैबतीने हातोडी खाली ठेवली आणि उकिडवा बसला.

"ह्यो नारळ कुनाचा हाय, मालक?"

"तुजाच की."

"माजा आसंल तर माज्या हातात येईल."

पाटलांचे म्हणणे, कोड दगडाला लागले नाही हे पटले, ते वेगळे. हातात हात लागायचा म्हणजे वेगळे. हैबतीने चुन्याला बोट लावून पाहिले आणि ते उपरण्यापासून दूर, मातीला पुसले.

"चुना वाळायलाय," तो म्हणाला. "चुना कुनाची वाट बघत न्हाई. घडीभरानं पाचर काढली तर पायरी वाकडी बसंल. मंग देवाला ठेच लागंल का तुमाला, ते बगा."

गुरव घाईघाईने देवळात जाऊन देवाकडे आणि परत येऊन चुन्याकडे पाहू लागला. पाटलांना घाम फुटला. ते एकदम माझ्याकडे वळले.

"डागदर, चालंल का?"

दोन दिवस मी गावभर सांगत फिरलो होतो की मी डॉक्टर नाही. आत्ताही तोंडात तेच आले होते. हैबतीने पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिले.

"चालेल," मी म्हणालो. "हाताला हात लागून काही होत नाही. कोड कुणाचं कुणाला लागत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पाटलांनी नारळ उचलला, धोतराला हात पुसले, का पुसले कुणास ठाऊक, आणि तो हैबतीच्या दोन्ही हातांत दिला. द्यायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ त्यांचे हात तिथे राहिले. मी चष्मा पुसत बसलो. हैबतीने नारळ बाजूला ठेवला, एका घावात पाचर उडवली, आणि शिळा धप्पकन बसली. आठाच्या आठ गड्यांच्या अंगावर चुना उडाला. बायकांच्या घोळक्यातून एकीने विचारले, "मंग आमची जाती आनावी का, हैबतीदादा?"

"उद्या आना," तो म्हणाला. "येकदम समदी आनू नगा."

परतीच्या दिवशी पिंगळीपर्यंत मला पोचवायला दमणी घेऊन हैबतीच आला. पेटी त्याने एका हाताने चढवली. निघताना ओट्यावर आलेल्यांपैकी दोघा रोग्यांनी आपापल्या पडलेल्या खड्यांबद्दल माझे आभार मानले आणि म्हातारीने धपाट्यांची चळत बांधून दिली. वाटेत निम्म्या रस्त्यावर हैबती बोलला.

"मास्तर, तुमी डागदर न्हाईत."

"नाही."

"मंग चालंल म्हनून कशाच्या जोरावर सांगितलं?"

"मला ठाऊक होतं. पुण्यात माझे एक स्नेही डॉक्टर आहेत, त्यांनी सांगितलं होतं."

"कवा?"

"झाली दोन-तीन वर्षं."

वेचणीच्या बायका बांधावर बसून भाकरी खात होत्या, त्यांनी हात केला, त्याने मान हलवली.

"म्हंजे तुमी आलात त्या दिशी तुमाला ठावं व्हतं."

"होतं."

"मंग तवाच कामून न्हाई सांगितलं?" त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मला कोणी विचारले नाही, असे म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले. पिंगळीला गाडी आली तेव्हा त्याने पेटी आत ढकलली आणि धपाटे चेंगरतील म्हणून ते वरच्या फळीवर ठेवायला सांगितले.

पुण्याला आल्यावर मी त्या डागांवर एक टिपण लिहिले. वाळू, गंज, कण, ओलावा, सगळे त्यात क्रमाने आले आहे आणि आकृत्याही बऱ्या जमल्या आहेत. हैबतीच्या प्रश्नाला त्या टिपणात कुठे जागा सापडेना, म्हणून हे एवढे वेगळे लिहावे लागले.